स्टेशनपासून छपरापर्यंत

बारावीचे निकाल लागले की आमच्या रावेर तालुक्यातून मुलामुलींची एक खेप पुण्याकडे निघते. रावेरहून भुसावळ, तिथे गाडी बदलून मनमाडमार्गे पुणे. आई दशम्या आणि ठेचा बांधून देते, बाप कागदांची पिशवी तीनदा तपासतो. प्रवेश झाला, फी भरली. पण अनोळखी शहरात उतरल्यावर पहिल्या रात्री डोके कुठे टेकायचे, हा प्रश्न बऱ्याच घरांत गाडी सुटल्यावरच आठवतो.

याच वाटेवर चाळीसगाव लागते. आपल्याच जिल्ह्यातले जंक्शन, धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात आले होते. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून थेट मुंबईला परतायचे, असा त्यांचा बेत होता. चाळीसगावच्या आपल्या लोकांनी स्टेशनवर गाठून एक रात्र मुक्कामाचा आग्रह केला आणि बाबासाहेबांना तो मोडवला नाही.

चौकशी आटोपून ते चाळीसगावला उतरले. हारतुरे झाले. महारवाडा दोनेक मैलांवर, नदीपलीकडे. स्टेशनबाहेर टांगे उभे, तरी तासभर कोणी हलेना. पाहुण्याला कारण कळेना. अखेर एक टांगा आला. बाबासाहेब बसले, मंडळी आडवाटेने पायी पुढे गेली. टांगा जेमतेम दोनशे पावले जातो न जातो तोच मोटारीवर आदळता आदळता वाचला. पोलीस ओरडला म्हणून मोटारवाल्याने गाडी मागे घेतली. पुढे नदीवरची फरशी आली. तिला कठडा नव्हता, कडेला फक्त अंतराअंतरावर दगड रोवलेले. वळणावर घोडा उधळला, चाक दगडाला धडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला, शुद्ध हरपली. पलीकडच्या काठावर स्वागताला थांबलेल्या बायामाणसांनी रडतओरडत त्यांना उचलून नेले.

खरे कारण मागाहून कळले. अस्पृश्य उतारू बसलेला टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यावे तर त्याचा मान जातो, असे आपल्या मंडळींना वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्या बिचाऱ्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता! बॅरिस्टर आणि कायदेमंडळाचा सभासद असलेल्या माणसापेक्षा घोडा हाकणारा स्वतःला वरचा समजत होता, हे तर आहेच. पण आम्हाला यात दुसरीही गोष्ट दिसते. आपल्या माणसांनी मान पाहिला, जीव पाहिला नाही.

त्याआधी बारा वर्षे, १९१७ च्या सप्टेंबरात, बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. वय सव्वीस. १९१३ साली न्यूयॉर्कला उतरले तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली होती. जात कोणी विचारली नव्हती. बडोद्याच्या स्टेशनवर मात्र घ्यायला कोणी आले नाही, आणि हिंदू खाणावळीत थारा मिळणार नाही हे ठाऊक होते. शेवटी पारशी धर्मशाळा गाठली. ती पारश्यांपुरतीच होती. तेव्हा वहीत पारशी नाव लिहायचे बाबासाहेबांनीच सुचवले. दीड रुपया रोज. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेला मोठा अंधारा दिवाणखाना, वटवाघळे आणि एक मिणमिणता कंदील. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावरून वर आले. संध्याकाळपर्यंत चालते व्हा, म्हणाले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे आसरा मागितला, दोघांनी सबबी सांगितल्या. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कमाठीबागेत बसून काढले.

हे जुने उगाळायचे कारण असे, की आमच्याकडे पालक येतात आणि हळूच विचारतात, "भाऊ, पोराला आडनाव जरा सांभाळून सांगायला सांगू का? घरमालक खोली देत नाहीत म्हणतात." पालकांची काळजी खोटी नाही. पूर्ण नाव काय, गाव कोणते, घरात फोटो कोणाचा लावता, हे प्रश्न आजही विचारले जातात. भाडे ठरल्यावर आडनाव कळले आणि खोली 'कालच दिली' झाली, असे सांगणारी मुले आम्हाला भेटली आहेत. तरी आम्ही नाव लपवा असे सांगत नाही. लपवलेल्या नावाची खोली कितीही स्वस्त असो, तिच्या जिन्यावर वाजणाऱ्या प्रत्येक पावलाची धास्ती असते. अभ्यास करायला गेलेल्या पोराने ती का बाळगावी?

त्यापेक्षा जाण्याआधी सोय पाहावी. समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज वेळेत भरावा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचे पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. पण ते पहिल्या महिन्यात हाती पडतील अशा भरवशावर राहू नये. दोन-तीन महिन्यांचे भाडे गाठीशी ठेवावे, आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला मूळ प्रतींसह जवळ असावा.

पुण्या-पिंपरीत स्थायिक झालेल्या रावेर, यावल, सावद्याच्या मंडळींनाही एक विनंती. गावचे पोर येणार म्हणून कळले की बुके आणि फोटो नकोत. स्टेशनवर या, चार दिवस घरात जागा द्या, आणि खोली पाहायला जाताना घरमालकाशी बोलणारा एक मोठा माणूस त्याच्याबरोबर पाठवा. गाडी मुलीची असेल तर घरातल्या बाईनेच जावे. गाडी किती वाजता पोहोचते ते आधी विचारून घ्या.