अनुभवाचा देव आणि 'स्मृतिचित्रे'

ख्रिस्ती माणसाला देव सिद्धान्तातून कळतो की अनुभवातून, या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत जिवंत उत्तर आम्हांला टिळक दांपत्याच्या लेखनात आढळते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. निमित्त झाले ते रेल्वेप्रवासात हाती आलेल्या 'नव्या करारा'चे. तरी आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकारामांच्या पुलावरून, असे ते मानत. म्हणजे त्यांच्या ख्रिस्तानुभवाची भाषा वारकरी भक्तीने आधीच घडवली होती.

लक्ष्मीबाईंची वाट निराळी. धर्मांतरामुळे त्यांच्या वाट्याला काही वर्षांचा विरह आला. पण पतीचा देव त्यांनी उसना घेतला नाही. 'स्मृतिचित्रे'त त्यांचे मन पालटते ते सोवळ्याओवळ्याच्या प्रश्नावर. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही, हे उमगते आणि कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागते. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

आमच्या वर्गांतून मात्र हे पुस्तक विनोद, प्रांजळपणा आणि संसारकथा एवढ्यापुरतेच शिकवले जाते; धर्मानुभव 'खासगी' म्हणून बाजूला पडतो. तुकारामांचा अनुभव आम्ही निःसंकोच शिकवतो. मग लक्ष्मीबाईंचाच अडचणीचा का ठरावा? अनुभव पडताळता येत नाही, हे खरे. पण त्याने माणूस कसा बदलला, हे वाचता येते. आणि साहित्याच्या अभ्यासकाचे काम तेथूनच सुरू होते.