विश्वकर्म्याच्या श्वासाचे मोजमाप

पावसाळा सरत आला की आंबेगाव तालुक्यात कांद्याच्या बराखी फुटू लागतात. मंचरच्या बाजारात काय भाव निघाला, याची चर्चा पारावर, एसटीत आणि चहाच्या दुकानात रंगते. बराखीशेजारी बसून कांदा निवडणाऱ्या स्त्रियांच्या नाकातोंडात दिवसभर जाणारी पापुद्र्यांची आणि काळ्या बुरशीची धूळ मात्र कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. पदर नाकाशी घट्ट बांधून त्या काम उरकतात. अवसरी खुर्दसारख्या कोणत्याही गावातली पिठाची गिरणी, वेल्डिंगचे दुकान, सुताराचा कारखाना आणि शाळेत खिचडी शिजवण्याची खोली यांची स्थिती याहून वेगळी नाही.

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपल्यासमोर दिल्लीचे धुके आणि मुंबईतील बांधकामांची धूळ उभी राहते. ते स्वाभाविकच आहे, कारण तिथे मोजमाप होते आणि आकडे रोज छापून येतात. पण प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे दहा हजार लिटर हवा छातीत घेतो आणि यातील बराच मोठा भाग तो छताखाली, कामाच्या जागी घेतो. शारीरिक कष्ट करणाऱ्याचा श्वास तर अधिक जलद आणि अधिक खोल असतो. ज्याच्या वाट्याला हवा सर्वांत वाईट, त्यालाच ती सर्वांत जास्त घ्यावी लागते, असा हा उफराटा न्याय आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची, म्हणजे संपूर्ण जनपद उद्ध्वस्त करणाऱ्या रोगराईची, चार कारणे सांगताना वायूचा उल्लेख प्रथम येतो. त्या ग्रंथाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने गिरणीतल्या वायूची चौकशी आजवर केली नाही, हे मान्य केले पाहिजे.

याचे एक कारण कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागी हवा खेळती ठेवण्याचे, धूळ व धूर बाहेर काढण्याचे बंधन घातले होते; दर कामगारामागे किमान १४.२ घनमीटर जागा असावी, असेही त्यात होते. हा कायदा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगारांपासून लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखान्यासाठी हीच मर्यादा अनुक्रमे वीस व चाळीस झाली आहे. इतर आस्थापनांनाही साधारणपणे दहा कामगारांची अट आहेच. दोन माणसांची गिरणी आणि एकट्याची भट्टी या दोन्ही व्यवस्थांच्या बाहेरच राहिली. निरीक्षक तिथे येत नाही, कारण त्याने यावे असे कुठेही लिहिलेले नाही.

दत्तोपंत ठेंगडी यांनी या वर्गाला नेमके नाव दिले होते. मालकही नाही आणि नोकरही नाही, स्वतःच्या हत्यारावर स्वतःच राबणारा, अशा स्वयंरोजगारी माणसांच्या जगाला ते ‘विश्वकर्मा क्षेत्र’ म्हणत. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोहोंच्या चौकटीत हा माणूस बसत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले. भारतीय मजदूर संघाने विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रम दिन मानला, त्यामागेही हीच दृष्टी आहे. पण दरवर्षी १७ सप्टेंबरला हत्यारांना हळदकुंकू वाहून झाल्यावर, ते हत्यार चालवणाऱ्याला खोकला किती दिवसांचा आहे, हे कितीजण विचारतात? २०२३ साली त्याच तिथीला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, कर्ज आणि पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या अवजारांचे साह्य मिळते. लोहाराच्या अवजारांत घण आणि ऐरण असते, तशीच धूर ओढून बाहेर टाकणारी सोयही अवजार म्हणून मोजली जावी, ही मागणी त्या योजनेच्या हेतूशी सुसंगतच ठरेल.

या क्षेत्रातील सर्वांत मोठी कामाची जागा मात्र कोणत्याच यादीत नसते. ती म्हणजे घरातले स्वयंपाकघर. कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर मापनयंत्रे लावून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासातील हवेत घनमीटरमागे सरासरी सुमारे सात मिलिग्रॅम धूलिकण आढळले. आपल्या देशाने २००९ साली अतिसूक्ष्म कणांसाठी ठरवलेली चोवीस तासांची मर्यादा साठ मायक्रोग्रॅम आहे. स्मिथ यांनी मोठे कणही धरले होते आणि केवळ स्वयंपाकाचा काळ मोजला होता, म्हणून ही तुलना काटेकोर नाही. तरीही अंतर पाहून मन सुन्न होते. ‘चुलीवरच्या भाकरीची चव’ हा आपल्याकडे जिव्हाळ्याचा विषय आहे. ती चव आठवणाऱ्यांपैकी चुलीपुढे बसणारे थोडेच होते, हेही एकदा बोलले गेले पाहिजे.

२०१६ मध्ये आलेल्या उज्ज्वला योजनेने देशभरात दहा कोटींहून अधिक घरांत गॅस पोहोचवला, ही स्वातंत्र्यानंतरच्या काळातील मोठी आरोग्यसेवाच म्हटली पाहिजे. पण सिलिंडर आला म्हणून चूल विझतेच असे नाही. आंघोळीचे पाणी, जनावरांची आंबवणे, लग्नकार्याचा स्वयंपाक यांसाठी सरपण जळतच राहते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली उभ्या राहिलेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने सुधारित चुली आणि उसाच्या पाचटाच्या कांडीकोळशावर काम केले, ते याच जाणिवेतून. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या नातवाने स्त्रीच्या श्वासासाठी शास्त्र राबवावे, यात एक सुसंगती आहे.

मग अवसरी खुर्दचा विशेष उल्लेख कशासाठी? तर याच गावी २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे आणि तिथे उपकरणशास्त्र, म्हणजे मोजण्याची विद्या, शिकवली जाते. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांसाठी विद्यार्थी विषय शोधत असतात आणि विषय गावात चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. लेझर प्रकाशावर चालणारे लहान धूलिमापक आता काही हजार रुपयांत मिळते. त्याच्या मर्यादाही आहेत. पावसाळी दमट हवेत ते फुगवून आकडा दाखवते आणि पिठाचे मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत. म्हणूनच अभियंता हवा. कामगाराच्या गळपट्टीशी गाळणकागद लावून लहान पंपाने हवा ओढायची, आधी आणि नंतर कागद तोलायचा, ही जुनी पद्धत सोबत चालवली तर स्वस्त यंत्राचे खोटेपण पकडता येते. यंत्र भिंतीवर टांगून उपयोग नाही. ते काम करणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर असले पाहिजे.

शहरी वाचकानेही आपण यातून सुटलो असे मानू नये. खिडक्या बंद करून स्प्लिट एसी लावलेल्या कार्यालयात दुपारी येणारी जडता केवळ जेवणाची नसते. तो एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून पुन्हा देतो. म्युनिकच्या पेटेनकोफर यांनी १८५८ सालीच कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक, हा खोलीतील हवा शिळी झाल्याचा दाखला मानला होता. बाहेर ते आज दहा लाखांत सुमारे ४२० आहे. बैठकीची दालने हजाराची रेघ सहज ओलांडतात. त्यात संध्याकाळी डासांची कॉइल लावणारी दुकाने वेगळीच. चीन व मलेशियातील कॉइल तपासून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके अतिसूक्ष्म कण निघाल्याचे दिसले.

मोजल्यानंतर करायचे ते फार खर्चिक नाही. छताचा पंखा हवा फिरवतो, बदलत नाही. उलट बसलेली धूळ उठवतो. बाहेर फेकणारा पंखा धुराच्या उगमाजवळ हवा आणि हवेचा प्रवाह माणसाच्या तोंडाकडून धुराकडे जाणारा हवा. गिरणीच्या तोंडाला लांब कापडी बाही बांधली आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसले तरी फरक पडतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या हे तर आपल्या जुन्या घरांनाही ठाऊक होते; त्यातली एक पोत्याने बुजवली गेली, ती उघडायची आहे. पण काय केल्याने किती फरक पडला, हे आकड्यानेच दाखवले तर गिरणीवाला स्वतःचे चारशे-पाचशे रुपये त्यात घालील. उपदेशाने घालणार नाही.

संघटनेचे स्थानिक कार्यकर्ते, ग्रामपंचायत आणि महाविद्यालय एकत्र बसले तर प्रारंभ कोठून करावा, हेही उघड आहे. पहिले यंत्र शाळेच्या खिचडीच्या खोलीत, मुलांची पंगत बसण्यापूर्वीच्या दोन तासांत. दुसरे गिरणीत, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, जेव्हा भाजणीच्या डब्यांची रांग रस्त्यापर्यंत येते आणि चक्की रात्री उशिरापर्यंत थांबत नाही.