दलाल नेमका कोणाचा?

विचुंब्यात घर घ्यायला येणारी आपली बहुतेक माणसं भाड्याच्या खोलीतून येतात. पीएफ काढलेला असतो, बायकोचं सोनं गहाण पडलेलं असतं. अशा कुटुंबांसोबत आम्ही कागद बघायला जातो, तेव्हा आधी एकच प्रश्न विचारतो : हा एजंट कोणाचा?

एजंट म्हणतो, "दादा, मी तुमचाच माणूस." 40 लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हणजे 40 हजार रुपये तो तुमच्याकडून घेतो. रोख, बिनपावतीचे. त्याच फ्लॅटवर बिल्डरकडूनही त्याला कमिशन मिळतं, ते मात्र तो सांगत नाही. भाव चढला की दोन्हीकडची टक्केवारी चढते. मग तुमच्यासाठी तो भाव कशाला पाडेल?

तो नुसतं घर दाखवत नाही, माणूसही निवडतो. "पूर्ण नाव सांगा," म्हणतो. आडनाव ऐकलं की मोकळा फ्लॅट अचानक 'बुक' होतो. 1917 साली बडोद्यात जात कळताच बाबासाहेबांना राहत्या जागेतून बाहेर काढलं. आज हातात काठी नसते, "ओनरला चालणार नाही" एवढं वाक्य पुरतं. ते वाक्य ऐकवणाऱ्याला आपणच दलाली का द्यायची?

कुणी म्हणेल, एजंटही पोटासाठीच करतात, त्यात आपलीही पोरं आहेत. खरं आहे. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. आमचं भांडण मोबदल्याशी नाही, लपवालपवीशी आहे.

2016 च्या रेरा कायद्याने एजंटला नोंदणी सक्तीची केली. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाची नोंदणीच नसेल, तर त्यातलं घर त्याला विकता येत नाही. बुकिंगच्या वेळी आपल्या हक्काची माहिती आणि कागदपत्रं मिळवून देणं हे त्याचं कर्तव्य आहे. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. दलालीचा दर मात्र या कायद्यात नाही. तो बोलणीत ठरतो, आणि बोलणीत गप्प बसणारा लुटला जातो.

म्हणून टोकन देण्याआधी तीन गोष्टी मागा : महारेराचा नोंदणी क्रमांक, बिल्डरकडून किती कमिशन घेणार ते लेखी, आणि आपण देऊ त्या प्रत्येक रुपयाची पावती. तो बिल्डरकडून घेत असेल, तर आपण का द्यायचं हेही विचारा. उत्तर टाळलं, तर तो कोणाचा माणूस आहे ते कळलंच.

जयभीम!