आरोग्यविचार : कानाशी लावायचे यंत्र आणि चुकणारा हातचा

हिंगोली आणि वसमतच्या हळद बाजारात आयुष्यभर तोंडी हिशेब केलेली वडीलधारी मंडळी आजही गादीवर बसतात. त्यांच्यापैकी कुणाचा हातचा चुकू लागला, उधारीची नावे अदलाबदल होऊ लागली, की घरचे लोक ते वयावर ढकलतात. मधुमेह जुना असेल तर इतक्यावर समाधान मानणे योग्य नाही. वाढलेली साखर मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही इजा करते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत.

अशा घरांत आता कानाला लावायच्या विद्युत यंत्राची चौकशी होऊ लागली तर नवल नाही. त्यामागील शास्त्र खोटे नाही. मेंदूच्या तळापासून हृदय व जठरापर्यंत जाणाऱ्या व्हेगस चेतेची एक फांदी कानाच्या बाहेरील खोलगट भागात येते. तिथे सौम्य विद्युतप्रवाह दिला की त्याचा संदेश मेंदूतील अवधान व स्मृतीशी निगडित केंद्रांपर्यंत पोहोचतो. शरीरात बसवायच्या व्हेगस यंत्राला अमेरिकेत 1997 मध्ये अपस्मारासाठी मान्यता मिळाली. 2021 मध्ये पक्षाघातानंतर हाताच्या व्यायामासोबत वापरण्यासाठीही. मधुमेहींच्या स्मृतिऱ्हासावरचा सिद्ध उपचार म्हणून मात्र ते अजून उभे राहिलेले नाही. शिवाय दीर्घ मधुमेहात हीच चेता स्वतः दुबळी होऊ शकते, हे विक्रेता सहसा सांगत नाही. हृदयात पेसमेकर असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे यंत्र कानाला लावूच नये.

यंत्राआधी रक्ताची एक साधी तपासणी हवी, आणि ती जैन घरांत विशेष करून. ब-12 जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारात त्याचा आधार दूधदुभते एवढाच. त्यातच मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास त्याचे शोषण घटते. या कमतरतेनेही विसरभोळेपणा येतो, आणि वेळीच ओळखला तर तो पुष्कळदा भरून निघतो. थायरॉइड व श्रवणशक्तीही त्याच फेरीत तपासून घ्यावी. ऐकूच न आलेली गोष्ट आठवणार कशी?

दुसरा धोका रात्रीचा. चौविहार पाळणाऱ्याचे पोट सूर्यास्तापासून सकाळपर्यंत रिकामे असते; इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा परिणाम मात्र रात्रभर चालू राहतो. साखर वारंवार फार उतरणे वृद्ध मेंदूला घातक असते. पहाटेचा घाम, गोंधळलेले बोलणे, थरथर ही त्याची खूण. पर्युषणाच्या तपापूर्वी औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, आणि तपस्वी घरात असताना साखर मोजण्याचे यंत्र उशाशी ठेवावे.