नेत्रावळकर हौशी नव्हता

६ जून २०२४ रोजी डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीमध्ये अमेरिकेनं टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं. ती ओव्हर सौरभ नेत्रावळकरनं टाकली. हाताशी १८ धावा होत्या आणि त्यानं पाकिस्तानला १३ वर रोखलं. लगेच आपल्याकडे कौतुकाला जो ऊत आला त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती: ऑरेकलमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी इंजिनिअरनं पाकिस्तानला लोळवलं. आठवडाभरात त्या कौतुकाचा सिद्धांत झाला. दिवसा कोड लिहायचा, सुटीच्या दिवशी बॉल टाकायचा, आणि तरीही बाबर आझमच्या संघाला पाणी पाजायचं, हे जर जमतं, तर टीव्हीवर दिसणारे ते आणि सोसायटीच्या आवारात खेळणारे आपण यांच्यात अंतर ते काय? असलंच तर संधीचं.

आधी साक्षीदार तपासू. नेत्रावळकर २०१० च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट हे त्याचे संघातले सोबती होते, आणि त्याच स्पर्धेत पाकिस्तानकडून खेळत होता हाच बाबर आझम. पुढे नेत्रावळकर मुंबईच्या रणजी संघातही आला. तिथे जागा टिकली नाही म्हणून तो कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, आणि नोकरी त्यानंतरची. हात कधीच तयार झालेला होता. ज्याला मुंबईच्या संघात पाय रोवता आले नाहीत त्यानं पाकिस्तानला हरवल्यावर सहा दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर परत पाठवलं. यातून निष्कर्ष काढायचाच असेल तर तो असा की मुंबईच्या रणजी संघाचं दार किती अरुंद आहे. सोसायटीच्या आवाराबद्दल या प्रकरणातून काहीच सिद्ध होत नाही.

व्यावसायिक म्हणताना मी पगाराच्या पावतीकडे बघत नाही, हे इथेच सांगून टाकतो. ऑलिंपिक पदक मिळवणारा नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरीला. कबड्डीच्या राष्ट्रीय महासंघाच्या नावात आजही 'अ‍ॅमॅच्युअर' हा शब्द आहे, आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू होण्याआधी मुंबईचे नामांकित चढाईपटू बँकेत, रेल्वेत, पोलिसांत हजेरी लावून मैदानात उतरत. त्यांना हौशी म्हणण्याची छाती त्यांच्यापुढे कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या कुणाची झाली नसती. ज्याचा दिवस खेळाभोवती आखलेला असतो तो व्यावसायिक. दिवसातून उरलेल्या वेळात जो खेळ बसवतो तो हौशी, आणि मी त्यातलाच एक.

आता संधीवाल्यांचा पूर्वपक्ष. त्यांचा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, सरासरी विसाच्या आत, आणि कसोटी सामने शून्य, कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात त्याच हातानं गोलंदाजी करत होते. दुसरा पुरावा अमोल मुजुमदार: रणजी पदार्पणात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताची टोपी एकदाही नाही. अन्याय म्हणा, दैव म्हणा, दोघांच्या बाबतीत घडलं ते खरंच आहे. पण ही नावं घेऊन लोक पुढची जी उडी मारतात ती मला मान्य नाही. शिवलकरांवरचा अन्याय शिवलकर आणि बेदी यांच्यामधल्या इंचभर जागेत घडला. त्या जागेपर्यंत पोचायला ५८९ बळी लागतात. आपल्या आणि शिवलकरांच्या मध्ये जी जागा आहे तिथे कुणाचं राजकारण नाही, निवड समिती नाही, वशिला नाही. नुसता खेळ आहे. टेनिस बॉलवर चार विकेट काढलेल्यानं शिवलकरांच्या आडून स्वतःची फिर्याद दाखल करणं हा त्या माणसाच्या दुःखावर मारलेला डल्ला आहे.

संधीच्या युक्तिवादात एक सच्चा भागही आहे, पण तो भलत्याच लोकांच्या तोंडी असतो. धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, धावपटू ललिता बाबर माणदेशातली. दोन्हीकडे पाण्याची मारामार. अशा गावांतून दहा वर्षांच्या ज्या मुलांना बूट, प्रशिक्षक, दूध-अंडी आणि पळायला मोकळी सकाळ मिळालीच नाही, त्यांनी 'संधी मिळाली नाही' म्हणावं आणि आपण मान खाली घालून ऐकावं. संधी म्हणजे बारा-पंधरा वर्षं. आपल्यातले जे पस्तिशीत हे वाक्य बोलतात त्यांना हवी असते ती एका दिवसाची निवड चाचणी. ती मिळालीच तर काय होईल, हे त्यांना सोडून मैदानावरच्या बाकी सगळ्यांना माहीत असतं.

याच्या उलट टोकाला दुसरा पक्ष उभा आहे, आणि तो जास्त सभ्य असल्यामुळे जास्त फसवतो. हे लोक दरी मान्य करतात, पण ती देवावर सोपवतात. त्यांची नजरच वेगळी, रिफ्लेक्स जन्मजात, आपल्याला कुठून येणार! ऐकायला हे नम्र वाटतं. वेगवान गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात बॅटपाशी येतो, तेव्हा त्याला खेळणारा माणूस तुमच्याआमच्यापेक्षा चपळ मेंदूचा असणारच, असं कुणालाही वाटेल.

इंग्लंडमधल्या पीटर मॅक्लाऊड या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये हेच तपासलं. मॅटिंगखाली लाकडी पट्ट्या घालून त्यानं अशी खेळपट्टी केली की टप्पा पडल्यावर चेंडू कुठे वळेल याचा कुणालाच अंदाज येऊ नये, आणि तिच्यावर कसलेल्या व्यावसायिक फलंदाजांना उभं केलं. वळलेला चेंडू पाहून बॅटची दिशा बदलायला त्यांना सुमारे २०० मिलिसेकंद लागले. साध्या माणसाला लागतात तेवढेच. पुढे २००० मध्ये मायकेल लँड आणि त्यानं मिळून फलंदाजांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. चांगला फलंदाज चेंडूच्या मागे मागे डोळे फिरवत नाही. सुटलेला चेंडू क्षणभर पाहतो आणि त्याची नजर टप्पा पडेल त्या जागी आधीच जाऊन थांबते. कच्च्या फलंदाजाची नजर तिथे उशिरा पोचते. म्हणजे फरक वेगाचा नाही, वाचनाचा आहे. गोलंदाजाचा खांदा, मनगट, शिवण कुठे तोंड करून आहे, यातून पुढची गोष्ट आधी कळणं. आणि हे वाचन हजारो चेंडू खेळूनच येतं.

ते उपजत नसतं याचा झणझणीत पुरावा २००४ मध्ये अमेरिकेत मिळाला. जेनी फिंच ही सॉफ्टबॉलची पिचर एका प्रदर्शनीय सामन्यात अल्बर्ट पुहोल्स आणि माइक पियाझा यांच्यासारख्या बेसबॉलच्या दादा फलंदाजांसमोर उभी राहिली आणि त्यांना चेंडूला बॅटसुद्धा लावू न देता तिनं परत पाठवलं. सॉफ्टबॉलचा चेंडू आकारानं मोठा, पण तो कमरेखालून येतो, जवळून येतो, आणि आयुष्यभर वरून येणारा हात वाचलेल्या त्या डोळ्यांना या हातात काही लिहिलेलंच दिसेना. रिफ्लेक्स देवानं दिले असते तर ते खेळ बदलल्यावर कुठे गेले?

म्हणजे दोन्ही पक्षांनी वेगवेगळ्या वाटांनी एकच काम केलं. एकानं श्रेय नशिबाला दिलं, दुसऱ्यानं जन्माला. मधली ती वर्षं दोघांनीही हिशेबातून वगळली.

आता माझं म्हणणं. दरी सगळ्या खेळांत आहे, पण ती सारखी नाही आणि मुख्य म्हणजे सारखी दिसत नाही. ज्या खेळात हौशी माणसाला स्वतःचा आकडा मिळतो तिथे या विषयावर कुणी बडबड करत नाही. धावण्याचंच बघा. दिवंगत केल्विन किप्टमनं २०२३ मध्ये शिकागोत मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली. म्हणजे दर १०० मीटर १७.१ सेकंदांत, असे ४२२ वेळा, मध्ये श्वास घ्यायला न थांबता. धडधाकट तरुणानं मैदानावर जाऊन त्या गतीनं एक फेरी मारून पाहावी, दुसऱ्या फेरीचं नंतर बोलू. म्हणूनच मुंबई मॅरेथॉनला पाच तास घेणारा कुणीही 'आपल्याला ट्रेनिंग मिळालं असतं तर' असं म्हणताना दिसत नाही. घड्याळ त्याला बोलू देत नाही.

आणि हे घड्याळ वरच्या मजल्यावरही तितकंच निर्दय असतं. साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंद ही वेळ दिली. किलोमीटरला २ मिनिटं ४३ सेकंद, आणि वाटेत तीन फुटी २८ अडथळे व ७ वेळा पाण्यावरची उडी. तरीही लमेचा गिर्माच्या ७:५२.११ या जागतिक विक्रमापासून तो १७.८ सेकंद लांब, म्हणजे ट्रॅकवर शंभर मीटरपेक्षा जास्त मागे. आपल्याला जो वाऱ्यासारखा वाटतो त्याच्याही पुढे एवढं रिकामं मैदान आहे.

बुद्धिबळात तर हिशेब कागदावरच होतो. रेटिंगच्या सूत्रानुसार ४०० गुणांचं अंतर म्हणजे साधारण दहास एक, ८०० म्हणजे शंभरास एक. २०२५ साली महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झालेली नागपूरची दिव्या देशमुख आणि मॅग्नस कार्लसन यांच्यात तेव्हा पावणेचारशेच्या आसपास अंतर होतं. तेवढंच अंतर दिव्याच्या खाली उतरलात तर एखाद्या जिल्ह्यातला सगळ्यात तगडा खेळाडू भेटेल. त्याच्या खाली तेवढंच उतरलात तर क्लबात रोज संध्याकाळी जिंकणारा. क्लबातल्या या गृहस्थाला स्वतःची पायरी पक्की ठाऊक असते. तो दिव्याच्या चुका काढत नाही. काढल्याच तर इंजिन लावून काढतो.

नेमबाजीत गंमत वेगळी आहे. ५० मीटरवरच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर व्यासाचं. त्यात एखादी गोळी कुणाचीही बसेल, माझीसुद्धा. कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मिळून ६० गोळ्या झाडल्या, ६०० पैकी ५९० गुण मिळवले, आणि एवढ्यावर तो सातवा आला. एक गोळी आणि साठ गोळ्या यांच्यातला फरक म्हणजेच ही दरी. हौशी माणसाचा सर्वोत्तम फटका व्यावसायिकाच्या फटक्याइतका सुंदर असू शकतो. गोल्फमध्ये, बॅडमिंटनमध्ये, गल्लीतल्या कव्हर ड्राइव्हमध्ये हे रोज घडतं. फरक त्याच्या सर्वात वाईट फटक्यात असतो, आणि तो फटका किती वेळानं येतो यात.

म्हणून ज्या खेळात गुण पुष्कळ असतात तिथे दुबळ्याला लपायला जागा नाही. टेबल टेनिसमध्ये समजा तुम्ही दर शंभरातले चाळीस गुण जिंकू शकता. मोठीच मजल झाली. तरी ११ गुणांचा एक गेम तुम्ही सहातून एकदाच जिंकाल, आणि पाच गेमचा सामना शंभरात तीन-चार वेळा. प्रत्यक्षात राज्य पातळीचा खेळाडू समोर असेल तर चाळीस सोडा, दहा मिळाले तरी पेढे वाटावेत. उलट टी-ट्वेंटीत एक झेल सुटतो, दोन चेंडू कडेला लागून सीमेपार जातात, आणि सामना फिरतो. नशिबाला इथे जागा जास्त, म्हणून अमेरिकेला एक दिवस सापडतो. तोसुद्धा नेत्रावळकरच्या हातून, तुमच्या-माझ्या नव्हे.

आणि क्रिकेटच्या हौशी खेळाडूला आकडा कुठे मिळतो? तो आपल्यासारख्याच गोलंदाजाला मारतो, आपल्यासारख्याच क्षेत्ररक्षकामुळे वाचतो, आणि त्या धावांना धावा म्हणतो. ना घड्याळ, ना रेटिंग. जो खेळ आपण सगळ्यात जास्त खेळतो त्याच खेळात आपली पायरी सगळ्यात अंधारात, आणि म्हणून सगळ्यात जास्त बढायाही त्यातच. मुंबईला निदान कांगा लीग आहे. १९४८ पासून ऐन पावसाळ्यात, ओल्या विकेटवर, गटागटांच्या उतरंडीत ही लीग चालते. त्यात गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकरही खेळून गेले. कचेरीतला माणूस तिथे वरच्या गटात पोचला तर रणजीचा गोलंदाज समोर येऊ शकतो. ज्यांनी असा एखादा स्पेल खेळला आहे त्यांच्या तोंडून मी संधीचं गाऱ्हाणं फारसं ऐकलेलं नाही. अशी उतरंड प्रत्येक शहरात, प्रत्येक खेळात असावी, तिच्यात हौशी माणसाला उघड प्रवेश असावा आणि त्याची पायरी त्याला आकड्यात कळावी, एवढीच माझी मागणी आहे.

यावर आक्षेप येतो की दरी अशी उघडी केली तर लोक खेळायचे थांबतील. कशावरून? मुंबईत जानेवारीत हजारो लोक धावतात, खुल्या बुद्धिबळ स्पर्धांत चौदाशे रेटिंगचे आजोबा आठ वर्षांच्या पोराकडून हरतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा शुल्क भरतात.

राहता राहिली मशीनवाल्यांची हरकत. 'मी अकादमीत ताशी १४० वर लावलेलं बोलिंग मशीन खेळलोय, बॅटला लागतात बॉल.' लागणारच. मशीनला खांदा नाही, मनगट नाही, मनात काही नाही. ते दर वेळी त्याच रेषेत, त्याच टप्प्यावर चेंडू टाकतं, आणि पाच चेंडूंनंतर तुम्ही वेगाशी खेळत नसता, आठवणीशी खेळत असता. फलंदाजीतलं जे वाचन आहे ते नेमकं तिथे वजा केलेलं असतं. तेव्हा त्या जाळीतून बाहेर आलेल्यानं एवढंच सांगावं की मशीन उत्तम स्थितीत आहे.