गोळी घेऊन सफाई?

ऑटोफॅजी हा सध्याचा हिट फंडा आहे. ऑफिसात कुणी सोळा तास उपाशी राहतंय, तर कुणी नेटवर रॅपामायसिनच्या गोळ्या शोधतंय. म्हणे पेशी आतून साफ झाल्या की व्हायरल जवळ फिरकत नाही! ऐकायला सही आहे. पण मला विचाराल तर ही अर्धीच गोष्ट आहे.

ऑटोफॅजी म्हणजे स्वतःलाच खाणं. पेशीतला मोडका माल एका पिशवीत बांधला जातो, ती लायसोसोमला जाऊन मिळते, तिथे माल विरघळतो आणि कामाचे तुकडे परत वापरात येतात. थोडक्यात, घरातलाच रद्दीवाला! यीस्टमध्ये यामागची जनुकं शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमींना २०१६चं नोबेल मिळालं. पेशी उपाशी असली की सफाई वाढते, हेही खरं.

पिशवीत कधीकधी विषाणूही सापडतो. पण विषाणू काही कच्चे खेळाडू नाहीत. हर्पिसचा विषाणू बेक्लिन-१ हे प्रोटीन जखडून पिशवी बांधायचं कामच थंड करतो. कोविडचा विषाणू भरलेली पिशवी लायसोसोमला मिळू देत नाही. आणि पोलिओचा? तो पिशवीचाच कापड वापरून स्वतःच्या कॉप्या काढतो! अशा पाहुण्यासाठी सफाई वाढवणं म्हणजे त्याला आयतं सामान पुरवणं.

औषधांचंही तसंच. क्लोरोक्विनच्या घराण्यातली औषधं लायसोसोममधलं ॲसिड कमी करतात, त्यामुळे सफाई शेवटच्या पायरीवर अडते. त्यांतल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने लॅबमधल्या पेशींत कोविडचा विषाणू रोखला आणि २०२०मध्ये जगभर झुंबड उडाली. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं, हॉस्पिटलमधल्या पेशंटना त्याचा फायदा नाही. काचेच्या बशीतली पेशी वेगळी, अख्खा माणूस वेगळा.

आता ते रॅपामायसिन. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध एमटॉर नावाचा स्विच बंद करतं आणि सफाई जोरात सुरू होते. पण १९९९ पासून अमेरिकेत ते किडनी बदललेल्या पेशंटना देतात, कशासाठी माहितेय? प्रतिकारशक्ती दाबायला! म्हणजे व्हायरल टाळायला घेतलेली गोळी इन्फेक्शनलाच दार उघडून देऊ शकते.

म्हणून बॉस, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती गोळी नको. उपास करायचाय? जरूर करा, फक्त डायबेटिसचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रद्दीवाल्याला त्याच्या वेळेला येऊ द्या.