भाईजानची झोप आणि मुलाचा कॉम्प्युटर

आमचे भाईजान कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळी करतात. सकाळी येऊन झोपतात, आणि नेमका तेव्हाच मुलाचा जुना कॉम्प्युटर घोंघावू लागतो. डिप्लोमाची थ्रीडी ड्रॉइंग असतात. त्यालाही थांबून चालत नाही. नवा जोडायचं ठरलं, तेव्हा त्यानं लिक्विड कूलर मागितला. आम्हाला वाटलं, पाणी आलं की आवाज गेला. भाईजान हसले, "आमच्या सीएनसीलाही कूलंट असतं. ती गप्प बसते का?"

खरंच आहे. द्रव प्रोसेसरची उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत नेतो. पुढे पंखे लागतातच, शिवाय पंपाची गुणगुण. आवाज कमी होतो तो मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या पंख्यांनी. म्हणून २४० मिलिमीटरचा रेडिएटर, १२० मिलिमीटरचे दोन पंखे आणि आधी मोजून घेतलेलं जाळीदार कॅबिनेट निवडलं. रेडिएटर वर बसवला, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतली. तिच्यात फिरणारं काहीच नसतं.

भगिनींनो, घरात फक्त लिहिणं-वाचणं असेल तर ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा हवेचा कूलर पुरतो. उरलेले पैसे यूपीएसला लावा.

आता बडे अब्बा जोहरपर्यंत झोपतात आणि भिंतीपलीकडे मुलाचं काम चालू असतं. घरात दोघांचाही हक्क आहे.